चौघे हरले, खर्च कुणी भरायचा?

सौसर किंवा पांढुर्ण्याच्या दिवाणी कोर्टात जमिनीच्या दाव्याचा निकाल लागला की बाहेर थांबलेली मंडळी वकिलाला एकच विचारतात, ‘कुणाच्या बाजूनं लागला?’ उत्तर मिळालं की निम्मे लोक मोटारसायकलवर बसून गावाकडे निघतात. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर खर्चाबद्दल दोन-तीन ओळी असतात, त्या वाचायला कुणी थांबत नाही. कोर्टाचं कामकाज हिंदीत. ओळ साधारण अशी असते: ‘प्रतिवादीगण स्वयं के साथ-साथ वादी का वाद व्यय भी वहन करेंगे।’ प्रतिवादी चार असोत की चौदा, ओळ तीच. त्यातल्या कुणी किती भरायचे, याबद्दल अवाक्षर नसतं.

मोहगाव आणि आसपासच्या गावांत शेतीचा दावा एकाविरुद्ध एक असा क्वचितच असतो. आजोबा गेल्यावर खात्यावर तीन मुलांची नावं चढतात. त्यातला एक वारतो, मग त्याच्या बायकोचं आणि पोरांचं नाव लागतं. काटोल-नरखेडकडे दिलेल्या बहिणींची नावंही असतातच. शिवाय मध्य प्रदेशात शेतजमिनीच्या मालकीहक्काचा दावा लावायचा तर राज्य शासनालाही प्रतिवादी करावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1 मध्ये या राज्यापुरती तशी दुरुस्ती आहे. म्हणून अशा दाव्यांत शेवटचा प्रतिवादी ‘मध्य प्रदेश शासन, द्वारा कलेक्टर’ हा असतो. पूर्वी तो कलेक्टर छिंदवाड्याचा होता. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाल्यापासून तो पांढुर्ण्याचा झाला. भांडण मात्र बहुधा एका धुऱ्याचं नाहीतर एका पांदणीचं, आणि प्रत्यक्ष भांडणारे एक-दोघंच.

बाकीचे सह्या करून मोकळे होतात. पेशीला जात नाहीत, वकिलाचं नावही त्यांना धड सांगता येत नाही. खर्चाच्या हुकमात मात्र त्यांचं नाव पहिल्याइतकंच ठळक असतं.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 चं कलम 35 न्यायाधीशाला खर्चाबाबत पुरती मोकळीक देतं: खर्च कुणी द्यायचा, कोणत्या मालमत्तेतून द्यायचा आणि किती प्रमाणात द्यायचा, हे कोर्ट ठरवतं. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचा खर्च सोसावा ही सर्वसाधारण रीत. त्या रितीला फाटा द्यायचा असेल तर न्यायाधीशानं कारणं लेखी द्यावी लागतात. पुढे आदेश 20 चा नियम 6 आहे. तो सांगतो की हुकूमनाम्यात खर्चाची रक्कम, ती कुणी किंवा कोणत्या मालमत्तेतून द्यायची आणि कोणत्या प्रमाणात द्यायची, हे सगळं नमूद असलं पाहिजे. म्हणजे प्रमाण लिहिण्याची अपेक्षा कायद्यातच आहे. मागितलं मात्र जात नाही, आणि न मागता कोर्ट सहसा देत नाही. युक्तिवादाच्या दिवशी दोन्ही वकील मालकी, कब्जा आणि मुदत यांवर तासभर बोलतात. खर्चाच्या वाट्यावर मिनिटभरही कुणी घालवत नाही.

प्रमाण लिहिलेलं नसलं तर काय होतं? खर्चाचा हुकूम सगळ्या हरलेल्यांवर एकत्र मानला जातो, आणि जिंकलेला माणूस पूर्ण रक्कम त्यांतल्या कुणाही एकाकडून वसूल करू शकतो. चौघांकडून चार वाटे गोळा करत फिरण्याची सक्ती त्याच्यावर नसते. कुणाकडे वसुली सोपी, एवढंच तो पाहतो.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण आकडे अशा दाव्यांत शोभतील असेच आहेत. समजा, मोहगावच्या एका शेतकऱ्याच्या संत्रा बगीच्याकडे जाणारी वाट शेजारच्या खातेदारांनी काटे टाकून बंद केली. तो आधी तहसीलदाराकडे गेला. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 131 प्रमाणे शेतात जाण्यायेण्याच्या वाटेचा वाद तहसीलदार स्थानिक चौकशी करून, पूर्वीची वहिवाट पाहून मिटवू शकतो. तिथे समाधान झालं नाही, म्हणून त्यानं वहिवाटीच्या हक्कासाठी दिवाणी दावा लावला. प्रतिवादी चार: थोरला भाऊ, धाकटा भाऊ, वारलेल्या मधल्या भावाची बायको आणि काटोलला दिलेली बहीण. काटे टाकले थोरल्यानं. धाकटा शाळेत शिक्षक, त्यानं वकालतनाम्यावर सही केली आणि विषय सोडून दिला. वहिनी कधी कोर्टात आली नाही. बहिणीला समन्स मिळालं, तेव्हा तिनं फोन करून विचारलं, ‘दादा, हे काय आहे?’ दादा म्हणाला, ‘काही नाही, मी पाहतो.’

दादा हरला. हुकूमनाम्याखाली खर्चाचं कोष्टक असतं, डावीकडे वादीचा रकाना, उजवीकडे प्रतिवादीचा. वादीच्या रकान्यात हिशेब असा निघाला: कोर्ट फी आणि तिकिटं 1,600 रुपये, तलवाना म्हणजे समन्स बजावण्याची फी 600, मोक्यावर जाऊन नकाशा काढणाऱ्या कमिशनरची फी 5,000, साक्षीदारांचा भत्ता 1,800, वकील फी 8,000, नोटीस, टायपिंग आणि नकला 1,000. एकूण 18,000. समान वाटे केले तर डोक्यावर 4,500.

पण वाटे करायला कुणी बांधील नाही. जिंकलेल्यानं अंमलबजावणीची दरखास्त लावली आणि थेट धाकट्याच्या पगारावर बोट ठेवलं. का, ते दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 वाचलं की कळतं. शेतकऱ्याची अवजारं, शेतीला लागणारी जनावरं, त्याचं राहतं घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे. मध्य प्रदेशात शेतजमिनीलाही आहे: भू-राजस्व संहितेच्या कलम 165 प्रमाणे खातेदाराची 5 एकर ओलिताची किंवा 10 एकर कोरडवाहू जमीन हुकूमनाम्याच्या वसुलीत जप्त होत नाही, त्यावरची जमीनच तेवढी होते. थोरल्याकडे 4 एकर ओलीत. त्याला हात लागत नाही. पगाराचं तसं नाही. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित, बाकीचा एक-तृतीयांश जप्तीला मोकळा. म्हणून ज्यानं काट्याला हात लावला नाही, त्याच्याच पगारातून 18,000 कापले गेले. कज्जे-खटल्यांच्या मुलुखात नोकरदार भाऊ असणं हा असाही तोटा आहे.

धाकट्याला मार्ग आहे. आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलेली रक्कम तो बाकीच्यांकडून मागू शकतो. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो आणि मुदत कायदा, 1963 प्रमाणे जास्तीची रक्कम भरल्यापासून तीन वर्षांच्या आत. मागताना वाटे समानच पडतील असं नाही. कोर्ट विचारतं, भांडण कुणी उभं केलं, फायदा कुणाचा होणार होता, बाकीचे नावापुरते होते का. धाकटा हे दाखवू शकला तर थोरल्याच्या डोक्यावर 4,500 पेक्षा बरंच जास्त बसू शकतं. दाखवायचं कशानं, हा खरा प्रश्न. सही त्याचीही होती, कैफियत एकच होती, वकीलही एकच होता.

इंग्लंडमध्ये 1799 च्या एका खटल्यानंतर अशी समजूत पक्की झाली की मिळून चूक करणाऱ्यांनी एकमेकांकडे भरपाईचा वाटा मागायचा नाही. भारतात 1951 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा नियम आपल्याकडे चालणार नाही असं ठरवलं. काटे कुणीही टाकलेले असोत, एकानं सगळं भरलं तर त्याला बाकीच्यांकडे वाटा मागण्याचं दार बंद होत नाही, एवढा त्याचा अर्थ.

तरी दुसरा दावा म्हणजे दुसरी पेशी आणि दुसरी वकील फी. 13,500 रुपयांसाठी सख्ख्या भावावर कोण दावा लावतो? बहुतेक जण लावत नाहीत. दिवाळीला एकमेकांकडे जाणं तेवढं बंद होतं. म्हणून जे करायचं ते निकालाआधी.

पहिली गोष्ट, समन्स आल्याबरोबर स्वतःला विचारायचं: यात आपलं भांडण आहे का? नसेल तर थोरल्याच्या कैफियतीखाली सही ठोकू नये. वेगळी एक पानी कैफियत द्यावी, की वाट अडवण्यात आपला हात नाही, वादीच्या मागणीला आपली हरकत नाही, आणि म्हणून आपल्यावर खर्च बसवू नये. असा प्रतिवादी औपचारिक मानला जाण्याची शक्यता बरीच वाढते, आणि औपचारिक प्रतिवादीवर कोर्ट सहसा खर्च लादत नाही. नाव विनाकारण घातलं असेल तर आदेश 1 च्या नियम 10 प्रमाणे ते वगळण्याचा अर्जही करता येतो. वहिनी आणि काटोलची बहीण यांनी हेच करायला हवं होतं. गप्प बसून एकतर्फी होण्यात मात्र धोका आहे. एकतर्फी झालेला माणूस लढला नाही हे खरं, पण त्यानं मान्यही केलं नाही, आणि ‘प्रतिवादीगण’ लिहिताना त्याचं नाव वगळायचं कारण कोर्टापुढे येत नाही.

वकील फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रियांना, तसंच अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तहसील पातळीवरच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक 15100.

दुसरी गोष्ट कागदाची. चौघांनी मिळून खरोखरच लढायचं ठरवलं तर हरल्यास खर्चाचा वाटा कसा, हे सुरुवातीलाच लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. जिंकणाऱ्यावर हा कागद बंधनकारक नाही, तो त्याला हवं त्याच्याकडून घेईल. पण पुढे आपसांत वाटा मागायची वेळ आली तर याच कागदाचा आधार. आपल्याकडे बारशाच्या आहेराची वही जपून ठेवतात आणि लाखाच्या जमिनीच्या दाव्यात कोण किती देणार हे तोंडी असतं.

वादी बनताना तर जास्तच सावध राहावं. अनेक वादी असले आणि त्यातल्या एकाला मध्येच कंटाळा आला, तरी बाकीच्यांच्या संमतीशिवाय त्याला दावा मागे घेता येत नाही. आदेश 23 तसं स्पष्ट सांगतो. म्हणजे काकाच्या आग्रहाखातर सही केली आणि दहा वर्षांनी दावा हरला, तर खर्चाच्या हुकमात पुतण्याही आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी, आणि तीच राहून जाते. अंतिम युक्तिवादाच्या वेळी वकिलाला सांगावं की खर्चाचं प्रमाण मागा. ‘खर्च बसवायचाच तर तो प्रतिवादी क्रमांक एकवर बसवावा, क्रमांक दोन ते चार यांनी दाव्याला विरोध केलेला नाही’ एवढं एक वाक्य, शक्यतो लेखी युक्तिवादात. कलम 35 आणि आदेश 20, नियम 6 यांचा उल्लेख पुरतो.

खर्चाची जबाबदारी माणूस पाहून ठरवता येते, याचं उलट्या बाजूचं एक नामांकित उदाहरण पुण्याचं आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहार सरकारच्या वटहुकमांचा अभ्यास करून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्याबरोबर इतरही अर्जदार होते. डिसेंबर 1986 मध्ये निकाल लागला, तेव्हा न्यायालयानं खर्चाचे 10,000 रुपये बिहार सरकारनं वाधवांना द्यावेत असं सांगितलं, कारण संशोधनाचे कष्ट त्यांनी उपसले होते. जिंकणाऱ्यांत असा फरक होऊ शकतो, तर हरणाऱ्यांतही होऊ शकतो.

मिळून दावा लावण्याची किंमत काय असते, हे 2021 मध्ये मुंबईच्या एका अभिनेत्रीलाही कळलं. जुही चावला आणि आणखी दोघांनी 5जी तंत्रज्ञानाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. जून 2021 मध्ये तो फेटाळताना न्यायालयानं तिघा वादींवर मिळून 20 लाखांचा खर्च बसवला. जानेवारी 2022 मध्ये खंडपीठानं ती रक्कम 2 लाखांवर आणली. बातम्यांत नाव एकाचंच राहिलं. खर्चाच्या हुकमात वादी तिघे होते.

अनेक प्रतिवादींतला एक हरतो आणि एक सुटतो, तेव्हा गुंता निराळा असतो. सुटलेल्याचा खर्च कुणी द्यायचा? वादीनं त्याला उगाच ओढलं म्हणून वादीनं, की हरलेल्यानं आपला दोष त्याच्यावर ढकलला म्हणून हरलेल्यानं? इंग्लंडमध्ये 1907 च्या लंडनमधल्या एका घोडाबस कंपनीच्या खटल्यापासून उत्तर ठरून गेलं आहे: वादीला दोघांना ओढणं भागच होतं असं दिसलं, तर सुटलेल्याच्या खर्चाचा भार फिरून हरलेल्या प्रतिवादीवर टाकता येतो. आपल्या कलम 35 मधल्या मोकळिकीत असा हुकूम सहज बसतो. म्हणून जो प्रतिवादी ‘मी नाही, त्यानं केलं’ असं म्हणत शेजाऱ्याला दाव्यात गुंतवतो, त्यानं हरल्यावर दुहेरी खर्चाची तयारी ठेवावी.

दाव्याच्या अखेरीच्या खर्चाशिवाय मधल्या वाटेवरचे खर्च असतात, आणि ते तर नेमक्या माणसावरच बसवून घेतले पाहिजेत. कलम 35ब प्रमाणे विनाकारण तारीख वाढवणाऱ्यावर कोर्ट खर्च बसवतं. तो भरल्याशिवाय त्या पक्षकाराला आपली बाजू पुढे चालवता येत नाही. थोरला पेशीला आला नाही म्हणून 500 रुपये बसले, तर हुकमात ‘प्रतिवादी क्र. 1’ असंच यायला हवं. नाहीतर त्याच्या गैरहजेरीची शिक्षा चौघांच्या बचावाला. तसंच आदेश 12 चं. समोरच्यानं एखादा दस्त मान्य करा म्हणून नोटीस दिली आणि खरा दस्त कुणी उगाच नाकारला, तर तो सिद्ध करण्याचा खर्च नाकारणाऱ्यावर पडतो, मग दाव्याचा निकाल काही का लागेना.

खोट्या किंवा त्रासापोटी केलेल्या दाव्यासाठी कलम 35अ आहे. त्याची कमाल मर्यादा मात्र 3,000 रुपये, 1976 च्या दुरुस्तीपासून तिथेच अडकलेली. 2011 मध्ये संजीवकुमार जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही मर्यादा फारच तुटपुंजी असल्याचं नोंदवलं आणि 2012 मध्ये विधी आयोगानं आपल्या 240 व्या अहवालात ती वाढवण्याची शिफारस केली. त्यानंतरही सामान्य दिवाणी दाव्यात आकडा हललेला नाही. व्यापारी वादांची गोष्ट वेगळी. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्यानं त्या वादांपुरतं कलम 35 नव्यानं लिहिलं. 2018 पासून 3 लाखांवरचे व्यापारी वाद त्यात येतात, आणि तिथे पक्षकारांची वर्तणूक पाहून भरभक्कम खर्च बसू शकतो. संत्र्याच्या मालाचे मोठे करार करणाऱ्या व्यापाऱ्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी हे ध्यानात ठेवावं.

जिंकणाऱ्यानंही हिशेब नीट ठेवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये सेलम बार असोसिएशनच्या खटल्यात म्हटलं की खर्च प्रत्यक्ष आणि वाजवी असावा, त्यात घालवलेला वेळ, प्रवास, मुक्काम हेही धरावं. मध्य प्रदेशातल्या कोर्टांत वकील फीबाबत मात्र ओळ ठरलेली: प्रमाणपत्रातली फी किंवा सूचीतली फी, जी कमी असेल ती. फीचं प्रमाणपत्र वेळेवर दाखल झालं नाही तर वकिलाला दिलेले पैसे कोष्टकात दिसतच नाहीत. आदेश 20अ प्रमाणे नोटिशीचा, टायपिंगचा, कागदपत्रं पाहण्याचा आणि समन्स न काढता आपण होऊन आणलेल्या साक्षीदारांचा खर्चही मागता येतो. पावत्या हव्यात.

वाटणीचे दावे या सगळ्यापासून थोडे बाजूला ठेवायचे. तिथे खऱ्या अर्थानं कुणी हरत नाही, म्हणून बहुधा ज्याचा त्यानं खर्च सोसायचा आणि मोजणी करणाऱ्या कमिशनरची फी हिश्श्याच्या प्रमाणात द्यायची, असा हुकूम होतो. एखाद्या भावानं खोटं मृत्युपत्र पुढे करून दहा वर्षं वाटणी रोखली असेल, तर त्या मुद्द्याचा खर्च त्याच्यावरच बसवण्याची मागणी जरूर करावी.

हरलेल्यांतला एखादा मध्येच वारला तर वारसांनी घाबरून जाऊ नये. कलम 50 प्रमाणे मयताकडून जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरतीच त्यांची जबाबदारी. वारसांनी स्वतः तोच वाद पुढे लढवला आणि त्यावर खर्च वाढला, तर तो त्यांच्या अंगावर येऊ शकतो.

तडजोडीतही खर्चाचं कलम हवं. चौघांपैकी एकटा वादीशी समेट करत असेल, तर त्यानं दिलेल्या पैशात खर्चाचा किती भाग आला आणि तो उरलेल्या तिघांच्या देण्यातून वजा होणार की नाही, हे कागदावर आलं पाहिजे. मुंबईतून आलेल्या खुशरू गांधी विरुद्ध गुझदर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1969 मध्ये सांगितलं की अनेकांतल्या एकाशी समेट झाला म्हणून बाकीचे आपोआप सुटत नाहीत. पूर्ण भरपाई झाली असेल तरच सुटतात. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं. तिथे सही करण्याआधी खर्चाची ओळ दोनदा वाचावी.

इथल्या अनेक घरांत अजूनही नागपूरच्या वकिलाचा सल्ला घेण्याची पद्धत आहे. तिला इतिहास आहे: 1936 मध्ये नागपूर उच्च न्यायालय स्थापन झालं तेव्हा छिंदवाडा जिल्हा त्याच्याच अखत्यारीत होता, 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर जबलपूर आलं. नागपूरचा वकील तसा इथेही चालतो, पण शासनाला प्रतिवादी करण्याचा नियम, जमिनीच्या जप्तीची मर्यादा आणि वकील फीची सूची या तीन बाबतींत महाराष्ट्राचा अनुभव इथे लागू पडत नाही. या तीन प्रश्नांपुरतं तरी सौसर-पांढुर्ण्याच्या वकिलाला विचारावं.

आणि पैसे भरताना? हातात नोटा देऊन ‘मिटलं’ म्हणण्यासारखा घातक व्यवहार दुसरा नाही. आदेश 21 च्या नियम 2 प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेल्या पैशाची नोंद कोर्टात झाली पाहिजे, नाहीतर दरखास्तीत तो पैसा दिलाच नाही असं धरलं जातं. नोंदीसाठी हरलेल्यानं पैसे दिल्यापासून 30 दिवसांत अर्ज करायचा. बँकेतून द्यावे, पावतीवर दाव्याचा क्रमांक घालावा, किंवा सरळ कोर्टात भरावेत. आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं हे उद्या सिद्ध करायला हीच पावती लागते.

निकालानंतर 15 दिवसांत हुकूमनामा तयार व्हावा असा नियम आहे. त्याची प्रमाणित नकल काढून खर्चाचं कोष्टक निकालपत्राशी ताडून पाहावं. निकालात एकट्या क्रमांक एकवर खर्च असेल आणि हुकूमनाम्यात चौघांची नावं आली असतील, तर ती लेखनचूक कलम 152 खाली दुरुस्त करून मिळते, त्यासाठी अपील लागत नाही. निकालातच चौघांवर खर्च असेल आणि तो मान्य नसेल, तर अपिलात खर्चाचा मुद्दा मुख्य मुद्द्यांबरोबर घ्यावा. नुसत्या खर्चासाठी केलेलं अपील सहसा टिकत नाही. अपील दाखल झालं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उच्च न्यायालयात 90 दिवस. नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा.